बाजारातून जनावर टेम्पोने आणताना



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की आपली पावलं बाजाराकडे वळतात. काष्टी असो, लोणी असो की सांगोला, गाय घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो, दोन-दोन तास घासाघीस करतो. पण एकदा का सौदा ठरला, की मात्र घाई सुरू. दिसेल तो टेम्पो ठरवायचा, चौघांनी ढकलून जनावर वर घालायचं आणि निघायचं. त्या वाटेवरच्या दोन-तीन तासांबद्दल आज सांगायचे आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका शेतकऱ्याने कर्ज काढून पहिलारू गाय आणली. गाव पाच किलोमीटरवर राहिले असताना रस्त्यात गतिरोधक आला. चालकाने कचकन ब्रेक दाबला, गाईचे मागचे दोन्ही पाय फाकले आणि ती खाली बसली. डॉक्टरांनी आठ दिवस खटपट केली. गाय उठली नाही. मी हौद्यात चढून पाहिले, तर खाली नुसता पत्रा होता, त्यावर शेण आणि मूत. माणसाचा पाय ठरत नव्हता, तिथे चार खुरांचे काय होणार? त्या शेतकऱ्याने पुढे तीन वर्षे हप्ते भरले.

म्हणून पहिले काम हौद्याच्या तळाचे. बाजारात जातानाच घरून दोन पोती वाळू किंवा मुरमाड माती आणि पाचटाचा किंवा सरमाडाचा भारा टेम्पोत टाका. आधी मातीचा बोटभर थर, वर पाचट. नुसते पाचट पत्र्यावर सरकते, त्याचा उपयोग नाही. काथ्याची चटई मिळाली तर फारच चांगले. बाजूला खिळा, तुटका पत्रा वर आला आहे का, हात फिरवून बघा. पुढच्या बाजूला जुनी पोती भरून बांधली, म्हणजे धक्क्याने छाती आपटत नाही.

चढवताना घाई नको. बाजाराच्या आवारात धक्का असेल तर टेम्पो त्याला लावा, नसेल तर एखादा बांध किंवा मातीचा ढीग शोधून फाळका त्याच्या पातळीला आणा. जनावराला समोर सपाट वाट दिसली की ते आपसूक चालते. शेपटी पिरगाळू नका, तिची हाडे नाजूक असतात. मूठभर पेंड पुढे धरणारा एक माणूस मागून ढकलणाऱ्या तिघांचे काम करतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता बांधण्याचे. वेसणीला धरून कधीही बांधू नका. ब्रेक लागला की सगळा भार नाकावर येतो आणि नाक फाटते. म्होरकी घाला आणि दावे तिला बांधा. दावे इतके लांब नको की त्यात पाय अडकेल, आणि इतके आखूडही नको की मान खाली ओढलेली राहील. गाठ अशी असावी, की टोक ओढताच सुटेल. जनावर पडले तर अंगावरची दोरी कापायला विळा शोधत बसायला वेळ नसतो. आणि पाय बांधून आडवे टाकणे तर नकोच. आडव्या पडलेल्या जनावराला ढेकर देता येत नाही, वायू कोंडतो आणि पोट फुगून ते दगावते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये शेळी दाबून नेणारेही मी बघतो. त्यांना काय सांगावे!

जागेचा हिशोब कायद्यानेच घालून दिला आहे. २०१५ साली मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे एका गाई-म्हशीला दोन चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेएकवीस चौरस फूट जागा लागते. आठ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात दोनच जनावरे बसतात, तिसरे नाही. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, बरोबर माणूस हवा, आणि त्याच गाडीत इतर माल नको. जनावराचे तोंड शक्यतो इंजिनाकडे ठेवावे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक करण्यास बंदी घातली गेली. तेव्हा पैसे मोजण्याआधी बिल्ल्याचा आकडा पावतीशी ताडून बघा. रस्त्यात गाडी अडवली तर तुमच्याजवळची कागदपत्रेच कामाला येतील.

निघण्याआधी पाणी पाजा, थोडा कोरडा चारा द्या. हिरवे भरपूर चारू नका. दुभती असेल तर धार काढूनच निघा. गाभणीचे शेवटचे दोन महिने असतील तर दर कितीही उतरलेला असो, आणू नका. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री निघावे. ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या ठेवा. चालकाला आधीच सांगा, की बापू, सावकाश. आणि दर तासाभराने थांबून स्वतः मागे जाऊन बघा. एक जनावर खाली बसले असेल तर दुसरे त्याला तुडवते.

घरी आल्यावर उडी मारायला लावू नका, तिथेही बांध शोधा. पाणी थोडे थोडे पाजा. दोन-चार दिवस दूध कमी निघेल, त्याने घाबरू नका. पण लगेच आपल्या गोठ्यातल्या जनावरांत बांधू नका. तीन आठवडे वेगळे ठेवा, वेगळी बादली, वेगळी गव्हाण. प्रवासाच्या ताणाने अंगातली ताकद उतरते आणि घटसर्पासारखा रोग डोके वर काढतो. २०२२ साली लम्पीने महाराष्ट्रात बाजार बंद पाडले, ते तुम्ही पाहिलेच. घटसर्पाची लस आणण्याच्या दिवशी टोचून भागत नाही, दोन-तीन आठवडे आधी टोचलेली हवी. विकणाऱ्याला हे विचारा.

नव्या जनावराला ताप आला, गळ्याखाली सूज दिसली, ते धापा टाकू लागले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकीय पथकाला कळवा, आणि जनावर कोणत्या बाजारातून, किती दिवसांपूर्वी आणले, तेही सांगा.