श्वासांची मोजदाद

सर्दी-खोकल्याइतका परिचित, आणि म्हणूनच दुर्लक्षित, असा बालकांचा दुसरा आजार नसेल. बहुधा तो आपोआप बरा होतो. क्वचित मात्र त्यामागे न्युमोनिया दडलेला असतो व उशीर जिवावर बेततो. डॉक्टर आणि क्ष-किरण यंत्र जवळ नसेल तेथे हा भेद ओळखावा कसा? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर शोधले.

फुप्फुसाला सूज आली की ते ताठर होते. खोल श्वास जमत नाही, म्हणून मूल उथळ पण जलद श्वास घेते. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ते ६० वा अधिक, वर्षाखालील बाळात ५० वा अधिक, पाच वर्षांखालील मुलात ४० वा अधिक भरले, तर न्युमोनियाची शंका घ्यावी. निरक्षर सुईणींसाठी बंग दांपत्याने वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार केले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे!

गावातील आरोग्यसेवकांनी व सुईणींनी ‘को-ट्रायमॉक्साझोल’ हे औषध दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. औषधाचा खर्च मुलामागे वर्षाला अवघा अडीच अमेरिकी सेंट. गुंतवणुकीवरील असा परतावा कोणत्याही ताळेबंदात सहसा आढळत नाही. (आज प्राधान्य ‘अमॉक्सिसिलिन’ला दिले जाते.)

दम्यातही श्वास जलद होतो. पण तेथे श्वासनलिका आकुंचित होतात, उच्छ्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो, आणि रात्री, पहाटे, धुराने वा खेळल्यावर त्रास पुनःपुन्हा उद्भवतो. अशा मुलाला वारंवार प्रतिजैविके देणे व्यर्थ होय. दम्याचे औषध श्वासावाटे देणेच श्रेयस्कर. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. उलट गोळीच्या मानाने पंपातील मात्रा कितीतरी अल्प असते. लहान मुलांसाठी पंपाला ‘स्पेसर’ जोडावा, म्हणजे औषध घशात न अडकता फुप्फुसापर्यंत पोहोचते. तात्काळ आराम देणारा पंप वेगळा आणि सूज आटोक्यात ठेवणारा वेगळा. दुसरा बरे वाटत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार नियमित घ्यावा लागतो, आणि नेमका तोच पालक बंद करतात.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध वा पाणी न पिणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

न्युमोकोकस जंतूविरुद्धची लस राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत ती शासकीय केंद्रांत विनामूल्य दिली जाते.