बोटांनी वाचायचे शुभेच्छापत्र

आमच्या मावशीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे कधीच नसतात. दिवाळीला आणि संक्रांतीला आलेली झाडून सगळी शुभेच्छापत्रे त्यात सालवार लावून ठेवलेली असतात. मावशी वाईला राहते. चौतीस वर्षे तिने शाळेत मराठी शिकवले; तेव्हा कार्ड कुणी पाठवले, केव्हा पाठवले आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका किती, हे सारे प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने टिपलेले आढळते. माझ्या नावावर त्या डब्यात एकंदर अकरा चुका जमा आहेत.

गेल्या पाच-सहा वर्षांत काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली. दोन दिवाळ्यांमागे मी नेहमीप्रमाणे बाजारातून एक झकासपैकी, सोनेरी पणत्यांचे कार्ड आणून तिला पाठवले, आणि पाडव्याला फोनवर विचारले, "मावशी, कार्ड पोचलं का गं?"

"पोचलं की! गुळगुळीत आहे," मावशी म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "आता सगळीच गुळगुळीत लागतात बाई. डब्यात वरच ठेवलंय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण तो 'गुळगुळीत' शब्द माझ्या मनात कुसळासारखा रुतून बसला. मावशीला कळेल असे कार्ड बाजारात शोधण्यापेक्षा आपणच का करू नये, असे वाटले, आणि तिथून या उपद्व्यापाला सुरुवात झाली. आमच्या घरातल्या मंडळींनी याला 'कागदाला फोड आणण्याचा कारखाना' असे नाव दिले आहे.

शुभेच्छापत्रांचे मूळ सांगताना सर हेन्री कोल यांचे नाव येते. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही पोचवण्याची सोय झाली. ती व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हे गृहस्थ होते. मग त्यांनाच इतकी पत्रे येऊ लागली की उत्तरे लिहिता लिहिता हात दुखावेत! १८४३ च्या नाताळात त्यांनी जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजार प्रती शिळाप्रेसवर छापवून हाताने रंगवून घेतल्या, आणि उरलेल्या शिलिंगाला एक याप्रमाणे विकायला ठेवल्या. म्हणजे नाताळाचे पहिले छापील शुभेच्छापत्र निघाले ते पत्र लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून! आज फोनवर एकाच दीपमाळेचे चित्र चाळीस जणांकडून येते त्याला नावे ठेवताना हे आठवलेले बरे.

उठावाची हकीगत मात्र आपल्याला जवळची आहे. बार्टल फ्रिअर हे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकीर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी ते सिंधचे कमिशनर होते. तिथे १८५२ साली त्यांनी अर्ध्या आण्याची टपालाची तिकिटे काढली. आशियातली ही पहिली चिकट तिकिटे. त्यांतले एक लाखेसारखे तांबडे होते, ते तडकून त्याचे तुकडे होत. एक निळे होते. आणि एक होते पांढऱ्या कागदावर शाईशिवाय नुसताच ठसा उठवलेले. दिसायला सुरेख, पण दिव्याच्या मंद उजेडात ते दिसेचना! १८५४ साली ही सगळीच तिकिटे बंद झाली.

डोळ्यांना न दिसणारे हे तिकीट बोटांना मात्र बिनचूक कळले असते. मला हवे होते ते नेमके हेच.

कागदाला उठाव आणण्याची रीत ऐकायला सोपी आहे. जाड पुठ्ठ्यात आकृती कापून भोक पाडायचे. तो पुठ्ठा काचेवर ठेवायचा, काचेखाली दिवा. वर कार्डाचा कागद पालथा घालायचा. खालच्या उजेडाने आकृती स्पष्ट दिसते. मग गोल टोकाच्या कशानेही आकृतीच्या कडेकडेने दाबत जायचे. कागद भोकात उतरतो. सुलटा केला की तेवढा भाग वर आलेला दिसतो. विकत मिळणाऱ्या हत्यारांची काही गरज नाही. संपलेले बॉलपेन आणि क्रोशाच्या सुईचे मागचे गोल टोक, एवढ्यावर माझे काम भागते. आम्ही घरातली खिडकीची जुनी काच दोन पाटांवर आडवी टाकली आणि खाली बॅटरी ठेवली.

सगळे अडते ते कागदाशी. साधा छापखान्याचा कागद दाबला की कडेला फाटतो. त्यातले तंतू आखूड असतात, त्यांना ताण सोसत नाही. चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात सुताचे लांब तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. तो कागद पाठीमागून ओलसर फडक्याने नुसता टिपून घेतला की तंतू सैल होतात, दाबाबरोबर सरकतात, आणि वाळल्यावर आहेत तिथेच घट्ट बसतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचे नाव या बाबतीत आपल्याकडे आदराने घेतले जाते. वेरूळच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्यात तर त्याहून कितीतरी जुनी परंपरा आहे. कागद दोनशे जी.एस.एम.च्या आसपास असावा. फार पातळ असेल तर फाटतो, फार जाड असेल तर हलतच नाही. आणि ओला म्हणजे ओलसर. माझा पहिला कागद इतका भिजला होता की आकृतीऐवजी भोकच वर आले.

पुठ्ठ्याचेही तसेच. घरोघरी जुन्या एक्स-रेच्या फिल्मा पडलेल्या असतात. त्या कापायला छान, नाजूक नक्षी उमटते. पण फिल्म पातळ, म्हणून उठावही पातळ. डोळ्याला पुरतो, बोटाला नाही. मावशीसाठी मी कॅलेंडराच्या पाठीचा जाड पुठ्ठा घेतला.

आता अक्षरे. इथे मला एक जुना इतिहास नव्याने गिरवावा लागला. पॅरिसमध्ये व्हॅलेन्टिन हाय यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि १७८६ साली उठावाच्या अक्षरांचे पुस्तक छापवले. ती अक्षरे म्हणजे आपली डोळस माणसांचीच रोमन अक्षरे, फक्त फुगवलेली. ती वाचताना मुलांना एकेका अक्षराभोवती बोट फिरवून त्याचा आकार मनात जुळवावा लागे. पुढे त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने १८२९ साली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांचे घर बोटाच्या एका टोकाखाली मावते, ही त्यातली खुबी. भारतीय भाषांसाठी सर्वांची मिळून एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली.

मी मावशीला ब्रेलबद्दल सुचवून पाहिले होते. "या वयात नवी बाराखडी? मुळाक्षरं गिरवायला बसवतेस होय गं मला?" असे म्हणून तिने तो विषयच मिटवला. तेव्हा हाय साहेबांच्याच वाटेने जाणे भाग होते.

तर अक्षर मोठे हवे. बोटभर रुंद तरी हवेच. देवनागरीची एक अडचण म्हणजे शिरोरेषा. बोटाला ती एक लांब बांध लागते आणि अक्षर कुठे संपले ते कळत नाही. शिवाय पुठ्ठ्यात अक्षर कापताना शिरोरेषेमुळे 'प'चे पोट बंद होते, आणि बंद पोट म्हणजे गळून पडणारा तुकडा! मी डोळे मिटून माझ्याच बोटांनी दोन्ही तऱ्हा चाचपून पाहिल्या आणि शिरोरेषेला सरळ रजा दिली. 'व'ची गाठ तरीही सुटी होतेच. तिथे पुठ्ठ्याचा एक बारीक पूल राखून ठेवला.

नक्षीसाठी तर आपले स्वयंपाकघर हीच खाण आहे. करंजीचे कातणे घ्या. खाली मऊ घडी घालून ओलसर कागदावर कातणे फिरवले की कडेने नागमोडी रेघ उठते. शिंप्याचे दातेरी चाक पाठीमागून फिरवले तर बारीक ठिपक्यांची ओळ उठते, आणि बोटाला ती फार गोड लागते. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला कागद आपण करतोच. तसाच पुठ्ठा केला तर पाच बाय पाच ठिपके पाच मिनिटांत उठतात.

ठशांचे म्हणाल तर भेंडी आडवी कापली की फूल तयार, बटाटा उभा कापून कोरला की पणती तयार. टिकाऊ ठसा हवा असेल तर मोठे खोडरबर घ्यावे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढून ते रबरावर उपडे घासले की चित्र आपोआप उलटे उतरते. मग बाजूचे रबर खणून काढायचे. पण सगळ्यांत जुना ठसा आपल्या हाताला चिकटलेलाच आहे. मुठीची करंगळीकडची बाजू टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे, की झाले लक्ष्मीचे पाऊल. मला हे मावशीनेच शिकवले. दर दिवाळीला तिच्या उंबऱ्यात पावले काढायचे काम माझे असे.

शाईचा ठसा बोटाला लागत नाही. त्याला उठाव द्यायचा म्हणजे पावडर लागते. लग्नपत्रिकेवरची काही अक्षरे चकचकीत आणि खरखरीत असतात, त्यावरून नकळत अंगठा फिरतो, ते हेच काम. ओल्या शाईवर राळेसारख्या पदार्थाची पूड टाकायची, जादा पूड झटकायची, आणि तापवायचे. पूड वितळते, फुगीर होऊन बसते. हस्तकलेच्या दुकानात ही एम्बॉसिंग पावडर मिळते. शाई मात्र ग्लिसरिनवाली, सावकाश वाळणारी हवी. आधी कागदावर शंखजिऱ्याची पूड हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे बोटांच्या तेलकट डागांना पावडर चिकटत नाही.

केस वाळवण्याच्या यंत्राने हे होईल अशी आशा मी धरली होती. त्याच्या वाऱ्याने सगळी पावडर उडून गेली आणि आमचे जेवणाचे टेबल आठवडाभर सोन्यासारखे चमकत होते. यासाठी मिळणारी खास गरम हवेची नळी घेतली तर उत्तम. मी तवा तापवला आणि कार्ड चिमट्यात धरून तव्यापासून दोन-तीन इंच वर फिरवले. पहिली तीन कार्डे भाजलेल्या पापडासारखी झाली. चौथ्याला धीर धरला. आधी काहीच होत नाही. मग एका कोपऱ्यातून मळकट पूड एकाएकी लकाकू लागते आणि ती लकाकी पुढे पसरत जाते. ती टोकाला पोचली की त्याच क्षणी कार्ड बाजूला घ्यायचे. हे काम मुलांच्या हाती देऊ नये, आणि जवळ पाण्याचे भांडे असू द्यावे.

गेल्या दिवाळीचे कार्ड असे तयार झाले. वर 'शुभ दीपावली' अशी उठावाची अक्षरे, खाली माझ्या मुठीची दोन पावले, कडेने कातण्याची रेघ. रंग एकही नाही. मावशीला रंगाचे काय? घरच्यांना ते कोरेच वाटले. पण तिरक्या उजेडात धरले तेव्हा सगळे गप्प झाले.

टपालात उठाव चेपतो, कारण पाकिटावर शिक्का काही फुलाने मारत नाहीत! म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मधोमध खिडकी कापलेली चौकट ठेवून त्यात कार्ड बसवले आणि तिकिटे पार कडेला लावली.

भाऊबीजेला मावशीचाच फोन आला. एवढ्या तेवढ्याला ती आपण होऊन फोन करत नाही.

"पावलं तुझीच ना गं?" तिने विचारले. "मूठ मोठी झाली तुझी. डाव्या पावलाचा अंगठा अजून लांबच काढतेस." माझ्याने काही बोलवेना. तेवढ्यात तिचा आवाज एकदम वर्गातला झाला. "आणि हे काय? दिपावलि? दोन्ही वेलांट्या पहिल्या? अगं, शेवटचं अक्षर दीर्घ असतं एवढं तरी! मी तीन-तीनदा बोट फिरवून पाहिलं, म्हटलं माझंच चुकत असेल."

तिचे चुकले नव्हते. कागद पालथा घालायचा म्हणून मी पुठ्ठ्यावर अक्षरे उलटी कोरली होती. काना बरोबर उलटवला. पण आयुष्यभराच्या सवयीने दोन्ही वेलांट्या उजवीकडेच दिल्या. सुलट्या बाजूला त्या अर्थातच डावीकडे आल्या. घरातल्या पाच डोळस माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते. अक्षरे उलटी कोरण्याची मुळी गरजच नव्हती, हेही मला नंतर सुचले. पुठ्ठा सुलटाच कापावा आणि काचेवर पालथा ठेवावा. संपले!

मावशीने शेजारच्या मुलीकडून कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने 'चुका दोन' असे लिहवून घेतले आहे, आणि कार्ड अद्याप डब्यात गेलेले नाही. ते तिच्या उशाशी असते. माझा एकूण आकडा आता तेरा झाला.

यंदाचा पुठ्ठा कालच कापून झाला. वेलांट्या दोनदा तपासल्या, एकदा आरशात धरून पाहिल्या. वसुबारसेच्या आधी कार्ड वाईला पोचायला हवे.