चळवळी उभ्या कशा राहतात? (भाग ५) : माँटगोमेरीतल्या रिकाम्या बस

अन्याय असह्य झाला की माणसं पेटून उठतात, हा सिद्धान्त गेल्या आठवड्यात पाहिला. ऐकायला तो पटतो. पण अन्याय रोजचाच असतो आणि उठाव क्वचितच होतो, त्याचं काय?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी घ्या. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या मुलीलाही अशीच अटक झाली होती. लोक तेव्हाही संतापले, बसमध्ये मात्र बसत राहिले.

मॅकार्थी आणि झाल्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रश्नच फिरवला : राग किती होता हे सोडा, हाताशी काय होतं ते सांगा. माँटगोमेरीत हाताशी होतं एक सायक्लोस्टाइल यंत्र. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आपल्या कॉलेजात बसून पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कापून गठ्ठे. सकाळी ते शाळाशाळांतून मुलांच्या हाती गेले. हे ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. रॉबिन्सन यांच्या महिला संघटनेने मे १९५४ मध्येच महापौरांना बहिष्काराचा इशारा दिला होता.

पत्रकाने एक दिवस निभावतो, वर्ष नाही. मोलकरणींना रोज कामावर पोचवायचं कसं? टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, नेऊ लागले, तर शहराने किमान ४५ सेंट घेण्याची सक्ती केली. मग खासगी गाड्यांची व्यवस्था लागली. ती कशी चालवायची, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी बॅटन रूजच्या पाद्र्याला विचारून घेतलं; तिथे १९५३ मध्ये असाच बहिष्कार झाला होता. गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला, तेव्हा तो थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. मला विचाराल तर विम्याची ही खटपट भाषणांइतकीच मोलाची आहे.

मॅकार्थी-झाल्ड यांचा भर बाहेरच्या हितचिंतकांच्या पैशावर जरा जास्तच आहे. अ‍ॅल्डन मॉरिस यांनी १९८४ च्या पुस्तकात ती चूक दुरुस्त केली : सभेची जागा, वर्गणी, पुढारी, सगळं आधी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच आलं.

तरीही साधनांचा हिशेब एका ठिकाणी तुटतो. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने गाड्यांची ही व्यवस्था बंद पाडली. नेमक्या त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, पण आदेश माँटगोमेरीत पोचायला २० डिसेंबर उजाडला. मधले पाच आठवडे ना गाड्या, ना बस. लोक पायी गेले. डग मॅकअ‍ॅडम यांनी १९८२ मध्ये संघटनेच्या जोडीला आणखी दोन गोष्टी मागितल्या होत्या : राजकीय संधी, आणि ‘हे बदलू शकतं’ अशी लोकांची झालेली खात्री. संधी न्यायालयाच्या निकालात दिसते. खात्री मोजायची कशी, यावर अभ्यासक अजून भांडतात. ते भांडण पुढच्या भागात, १९६० च्या ग्रीन्सबरोमध्ये.