दूरस्थ सर्व्हर आणि 'एकदाच' करावयाचे बूट

संगणक सुरू होताना डिस्कच्या कोणत्या पार्टिशनमधून कार्यप्रणाली उचलावयाची, हा निर्णय एक अगदी लहान आज्ञावली घेत असते. यंत्र समोर असेल तर पडद्यावरील यादीतून दुसरी ओळ निवडता येते व चूक निभावून जाते. परंतु सर्व्हर शेकडो मैलांवर कुलूपबंद असला आणि त्याच्याशी केवळ नेटवर्कद्वारेच संपर्क शक्य असला, म्हणजे प्रसंग बिकट होतो. नवी प्रणाली उठलीच नाही तर संपर्काचा एकमेव मार्गही खुंटतो. कारण तो राखणारी आज्ञावली त्या न उठलेल्या प्रणालीतच असते. 'बूट' ही संज्ञा बुटाच्या पट्टीस धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून आली आहे. दूरस्थ यंत्राच्या बाबतीत ती फारच यथार्थ म्हणावी लागेल.

यावर योजलेला उपाय असा की, एका पार्टिशनमध्ये पारखलेली जुनी प्रणाली ठेवावी, दुसऱ्यात नवी बसवावी आणि यंत्रास सांगावे, 'पुढील खेपेस दुसरे घे, पण एकदाच.' मराठीत 'एकदा' आणि 'एकदाच' यांत 'च' या अव्ययाने जे अंतर पडते, तेच येथे निर्णायक आहे. यंत्र दर वेळी कोऱ्या मनाने जागे होते. तेव्हा हा 'च' कोठेतरी लिहून ठेवावा लागतो आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, योग्य क्षणी पुसावा लागतो.

लिनक्सवर सर्रास आढळणारी ग्रब ही आरंभक आज्ञावली याकरिता १०२४ बाइटांची एक ठरीव फाइल वापरते. 'ग्रब-रीबूट' या आज्ञेने पुढील खेपेची निवड तीत नोंदली जाते. यंत्र सुरू होताच ग्रब ती नोंद वाचते, लगेच पुसते आणि मगच निवडलेल्या प्रणालीच्या हाती यंत्र देते. पुसण्याचे काम नव्या प्रणालीवर सोपविले असते, तर न उठणाऱ्या प्रणालीने ते कधीच केले नसते आणि यंत्र त्याच खड्ड्यात पुनःपुन्हा पडत राहिले असते. यूईएफआय फर्मवेअरमधील 'बूटनेक्स्ट' हे चलही असेच, नियंत्रण सोपविण्यापूर्वी काढून टाकले जाते. फ्रीबीएसडीत ही खूण 'बूटवन्स' या नावाने पार्टिशनच्या तक्त्यातच करतात.

मात्र एक गफलत घातक ठरते. ग्रबला फाइल वाचता येते, पण तीत लिहिणे तिला सर्वत्र साधत नाही. ती फाइल एलव्हीएमवर, रेडवर किंवा झेडएफएससारख्या फाइल-व्यवस्थेवर असेल, तर नोंद वाचली जाते, पुसली मात्र जात नाही. अशा वेळी 'एकदाच' म्हणून दिलेली आज्ञा 'दर वेळी' अशी होऊन बसते, आणि तिच्यावर विसंबलेला व्यवस्थापक बाहेर राहतो.

शिवाय नोंद पुसली गेली तरी यंत्र आपण होऊन परत फिरत नाही. त्यास पुन्हा कोणीतरी सुरू करावे लागते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, गंभीर बिघाड होताच मूळ मांडणीनुसार बहुधा तसाच थबकून राहतो. नव्या प्रणालीच्या आरंभ-ओळीत 'पॅनिक=१०' असे लिहिल्यास तो दहा सेकंदांनी यंत्र पुन्हा सुरू करतो. याहून फसवा प्रकार म्हणजे प्रणाली ठणठणीत उठते, पण नेटवर्कची मांडणी चुकल्यामुळे तिच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. त्यासाठी नव्या प्रणालीत आरंभीच पंधरा मिनिटांनी पुनरारंभ होण्याची आज्ञा पेरून ठेवावी. आत प्रवेश मिळाला तर ती रद्द करावी; न मिळाला तर यंत्र मुकाट्याने जुन्या घरी परतते. आरंभकाच्या टप्प्यावरच यंत्र गोठले, तर मात्र केंद्रातील वीज-नियंत्रणाचाच आधार उरतो.

हे सारे नव्या प्रणालीवर आजमावण्यापूर्वी एक रंगीत तालीम अवश्य करावी. जुन्या प्रणालीतच बहुधा आधीचा एखादा चालता कर्नल शिल्लक असतो. एका खेपेपुरती त्याची निवड करून यंत्र दोनदा सुरू करावे आणि दर वेळी 'यूनेम -आर' या आज्ञेने कोणता कर्नल चालू आहे ते पहावे. पहिल्या खेपेस आधीचा व दुसऱ्या खेपेस नेहमीचा दिसला, तर नोंद पुसली जात आहे असे समजावे. दोन्ही वेळा आधीचाच दिसला, तर नव्या पार्टिशनला हात लावू नये.