चुनडी कांद्याच्या सालांची

मराठीत 'रंग' या शब्दाने पसारा मोठा मांडला आहे. मैफल रंगते, विडा रंगतो, खेळात रंग भरतो आणि ऐन वेळी कोणीतरी रंगाचा बेरंग करतो. हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. पण कापडाला रंग चढतो कसा, हे पाहण्याचा योग आला तो गेल्या मे महिन्यात, आमच्या गंगापूर रोडवरील सोसायटीच्या गच्चीवर, आठ ते बारा वर्षांच्या नऊ मुलांसंगे.

नाशिकच्या मुलांना रंगाचे अप्रूप नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि त्या हौदांतल्या रंगीत पाण्यात माणसे धबाधब उड्या घेतात, हे त्यांनी पाहिलेले असते. तिथे रंग सर्वांगावर घ्यायचा. बांधणीत मात्र रंग कुठे लागू द्यायचा नाही, यातच सगळी कारागिरी!

बाजारातून रंगाच्या पुड्या आणल्या असत्या, तर तासाभरात काम उरकले असते. पण लासलगावची कांद्याची पेठ ज्या जिल्ह्यात, तिथे रंग विकत का घ्यावा? भाजीवाल्याने पिशवीभर सालटी फुकट दिली. वर माझ्याकडे जरा काळजीने पाहिलेही. डाळिंबाच्या साली घरोघरच्या. सुती कापड वनस्पतीचा रंग सहजासहजी धरत नाही, म्हणून आदल्या दिवशी पंचे हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवले, मग तुरटीच्या पाण्यातून काढले. हिरडा आणि तुरटी मध्यस्थी करतात, तेव्हा रंग आणि सूत यांचे जमते. लग्ने जमवणाऱ्या मावशी आठवाव्यात!

मग गाठी. मुगाचा किंवा हरभऱ्याचा दाणा कापडाखाली धरायचा आणि दोऱ्याने आवळायचा. कच्छ-जामनगरच्या बाया करंगळीच्या वाढवलेल्या नखाने कापड उचलतात आणि दाण्यावाचून टिकलीएवढी गाठ बांधतात. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'तला 'पुलकबंध' तो हाच, असे अभ्यासक मानतात. पुलक म्हणजे रोमांच; बांधणी सोडली की कापडावर खरोखरच काटा आल्यासारखे उंचवटे दिसतात. हे मी रंगून सांगत होते, तोवर दोघा मुलांनी निम्मे हरभरे फस्त केले होते.

एक मुलगी मात्र मान खाली घालून गाठीमागून गाठ बांधीत होती. तिच्यापुढे पंचा नव्हता, आजीच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा होता.

"काकू, हे आजीलाच द्यायचंय. खांद्यावर घ्यायला."

तिची आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, सासूबाई मामंजी गेल्यापासून पांढऱ्याशिवाय काही अंगाला लावत नाहीत हो. पोर हिरमुसेल."

मी काय बोलणार? तोवर मुलीच्या ऐंशी गाठी झाल्या होत्या.

शेगडीवरची पातेली मी सांभाळली. डाळिंबाच्या पिवळ्या पाण्यात गंजक्या खिळ्यांचे पाणी पडताच पंचे काळपट हिरवे झाले आणि पोरे जादूगार पाहिल्यासारखी ओरडली. कांद्याच्या सालांनी मात्र सोनेरी, किंचित तांबूस छटा दिली. सुकण्याआधी कोणी गाठ सोडायची नाही, हा नियम पाळवून घेताना माझा घसा बसला.

संध्याकाळी दोऱ्याची टोके ओढली, कापड ताणले. ऐंशी पांढरे ठिपके, काही वाकडे, दोन पुसट.

आजींनी तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. "रंग कसला?" त्यांनी विचारले.

"कांद्याच्या सालींचा."

"अगो बाई, सालींचा!" म्हणून त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला. खांद्यावर घेतला नाही, परतही दिला नाही. मुलगी काही न बोलता घरी गेली.

चार दिवसांनी ती धापा टाकीत जिना चढून आली.

"काकू, आजी विचारतेय, डाळिंबाच्या सालींचं लागलं तर कधी करायचं? आणि म्हणाली, या खेपेला दोरा घट्ट आवळ."