पद्मपाणीवरचं पिवळं रोगण

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं बोधिसत्त्व पद्मपाणीचं भित्तिचित्र सुमारे दीड हजार वर्षांचं. कातळावर माती, भुसा नि गवताच्या तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर सरसात कालवलेले रंग. म्हणूनच ओल ही या चित्राची हाडवैरीण. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेले पोपडे पक्के बसवले, हे श्रेय त्यांचंच; पण वरून दिलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि चित्रं काळवंडली. (औषधच बाधलं म्हणायचं!) नंतर पुरातत्त्व खात्याने द्रावकांनी ते हलक्या हाताने उतरवायला घेतलं. आजही प्रेक्षकांच्या श्वासातली वाफ भिंतीला बाधते. तेव्हा आत रेंगाळून गर्दी करू नका, आणि फ्लॅश तर नकोच.