रॉसिनीची निवृत्ती

३ ऑगस्ट १८२९ रोजी पॅरिसमध्ये ‘विल्यम टेल’ रंगमंचावर आला, तेव्हा त्याचा संगीतकार जोआकिनो रॉसिनी ३७ वर्षांचा होता. १९ वर्षांत त्याने ३९ ऑपेरा लिहिले होते. त्यानंतर तो आणखी ३९ वर्षे जगला आणि त्याने एकही ऑपेरा लिहिला नाही!

पेसारो गावातल्या एका शिंगवाद्य वाजविणाऱ्याचा हा मुलगा. आई गायिका, घरची ओढग्रस्त. त्या काळी इटलीत संगीतकाराला एकरकमी बिदागी मिळे. पुढे प्रयोग कितीही रंगोत, त्याच्या हाती दमडी पडत नसे. तेव्हा लिहा, पैसे घ्या आणि पुढचे गाव गाठा. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ची पहिली रात्र रोमच्या प्रेक्षकांनी १८१६ मध्ये हुर्यो करून उधळली, दुसऱ्या रात्रीपासून तोच ऑपेरा डोक्यावर घेतला. आज जगभर वाजणारे त्याचे प्रारंभसंगीत रॉसिनीने आपल्याच जुन्या ऑपेरांतून उचललेले होते. वेळ होता कुणाला?

बँकेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला पुढचा भाग अधिक ओळखीचा वाटतो. फ्रान्सच्या राजाच्या सरकारशी त्याने करार करून तहहयात वर्षासन पदरात पाडून घेतले. १८३० च्या जुलैत क्रांती झाली, राजा परागंदा झाला आणि नव्या सरकारने करार मानायचे नाकारले. रॉसिनी वर्षानुवर्षे भांडला आणि वर्षासन मिळवूनच थांबला. ऑपेरा मात्र राहून गेले.

तो आळशी आणि खवय्या होता, पैसा साठताच स्वयंपाकघरात रमला, असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. आळशी माणूस वर्षाला दोन-दोन ऑपेरा लिहीत नाही. १८२७ मध्ये आई गेली, शरीर दुखण्यांनी पोखरले, अभिरुचीही बदलत होती. पुढे बोलोन्यात आणि फ्लॉरेन्समध्ये झोप उडाली, मन इतके काळवंडले की जगणे नकोसे झाले. त्याची दुसरी पत्नी ओलिंप हिने हे सारे निस्तरले. १८५५ मध्ये ती त्याला पॅरिसला घेऊन आली, तिथे तो हळूहळू सावरला.

एप्रिल १८५७ मध्ये त्याने तिला सहा छोटी गाणी भेट दिली. सहाही गाण्यांचे शब्द एकच, मेतास्तासिओचे. दुःख मुकाट्याने सोसण्याविषयीच्या त्या ओळींना तो त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वेळा नव्या चाली लावीत राहिला.